३८ विरुद्ध १३

पुण्याच्या फर्ग्युसन रस्त्याला एक दुसरं, अधिकृत नाव आहे. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचं. रिक्षावाल्याला ते सांगून बघा, तो तुमच्याकडे तोंड वळवून बघेल. मी त्या रस्त्यावरून हजारदा तरी गेलो असेन, पण त्या 'नामदार' शब्दाकडे कधी नीट लक्ष दिलं नव्हतं. नामदार म्हणजे कायदेकौन्सिलाचा सभासद. टिळकांना लोकांनी लोकमान्य केलं, गोखल्यांच्या नावामागची पदवी मात्र सरकारी कौन्सिलातल्या खुर्चीबरोबर आली. बहुतेक म्हणूनच की काय, ती आपल्याला तेवढी जवळची वाटत नाही.

शाळेत गोखले आपल्याला दोनदाच भेटतात. एकदा 'गणित दुसऱ्याच्या मदतीने सोडवलं, बक्षीस नको' म्हणून रडणारा मुलगा म्हणून, आणि एकदा 'गांधीजींचे राजकीय गुरू' म्हणून. मधली पस्तीस-चाळीस वर्षं गायब. पण त्यांचं खरं काम त्या मधल्या वर्षांत आहे, आणि ते बरंचसं कौन्सिलातल्या भाषणांत नि कमिशनांपुढच्या जबान्यांत पडून आहे. गेले काही शनिवार-रविवार ती भाषणं वाचतोय. सुरुवातीला वाटलं होतं, मिठाचा कर आणि लष्कराचा खर्च, झोप येईल. आली नाही. उलट एक प्रश्न डोक्यात बसला: जिथे आपलं मत कधीच जिंकणार नाही हे पक्कं माहीत आहे, अशा सभागृहात माणूस दहा-बारा वर्षं इतकी तयारी करून का बोलत राहतो?

आधी ते सभागृह कसं होतं ते बघू. गोखले १९०१ साली फिरोजशहा मेहतांच्या जागी व्हाइसरॉयच्या कौन्सिलात निवडून गेले. 'निवडून' म्हणजे मुंबई कौन्सिलातल्या बिनसरकारी सभासदांनी निवडून. लोकांचं मतदान वगैरे भानगड नव्हती. हे कौन्सिल १८९२ च्या कायद्याने चालायचं. अध्यक्ष स्वतः व्हाइसरॉय, बहुमत सरकारी अधिकाऱ्यांचं. अंदाजपत्रकावर वर्षातून एकदा, मार्चअखेर चर्चा व्हायची, पण त्यावर मतदान नव्हतं. ठराव मांडता येत नव्हता. एक रुपया कमी करा म्हणून दुरुस्ती सुचवता येत नव्हती. आकडे आधीच ठरलेले असायचे. प्रश्न विचारता यायचा, पण सरकारने दिलेल्या उत्तरावर उपप्रश्न विचारायची सोय नव्हती. थोडक्यात, बोला, आम्ही ऐकतो, आणि मग घरी जा.

बहुतेक लोक अशा ठिकाणी दोनपैकी एक गोष्ट करतात. जातच नाहीत, किंवा जाऊन स्तुती करतात. गोखल्यांनी तिसरी गोष्ट केली. तिचं शिक्षण त्यांना पाच वर्षं आधी लंडनमध्ये मिळालं होतं, आणि ते फार महागात पडलं होतं.

१८९५ साली ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करायला एक रॉयल कमिशन नेमलं. अध्यक्ष लॉर्ड वेल्बी म्हणून वेल्बी कमिशन. दादाभाई नौरोजी या कमिशनचे सभासदही होते आणि त्यांनी साक्षही दिली. हिंदुस्थानातून साक्षीला जे गेले त्यांत दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी, जी. सुब्रमण्य अय्यर आणि पुण्याच्या डेक्कन सभेतर्फे गोखले. वय ३०. फर्ग्युसनमध्ये शिकवणारा, अंकगणिताचं पाठ्यपुस्तक लिहिलेला मास्तर. जाताना वाटेत कॅले इथे पडून छातीला मार बसलेला.

त्यांच्यामागे दोन माणसं होती. न्यायमूर्ती रानडे आपल्याला माहीत असतात. दुसरे गणेश व्यंकटेश जोशी. तेही शिक्षकच. सरकारी अहवालांतले आकडे काढून, ते ताडून, त्यांतून अर्थ लावण्यात या माणसाचा हात धरणारा त्या काळात क्वचितच कोणी असेल. गोखल्यांच्या निवेदनाची तयारी या दोघांच्या तालमीत झाली. एप्रिल १८९७ मध्ये साक्ष झाली. लेखी निवेदन द्यायचं आणि मग कमिशनच्या सभासदांनी त्यातल्या एकेका वाक्यावर उलटतपासणी घ्यायची, अशी पद्धत. समोर ब्रिटिश खजिन्यात आयुष्य घालवलेले लोक. गोखल्यांचा मुद्दा असा की हिंदुस्थानच्या खर्चावर हिंदुस्थानातल्या करदात्याचा कसलाही ताबा नाही. म्हणून लष्करावर आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पगार-पेन्शनांवर पैसा वाहतो, आणि शिक्षणाच्या वाट्याला चिमूटभर येतो. आणि मोठ्या जागांवरून हिंदी माणसाला बाहेर ठेवण्यात नुसतं पैशाचं नुकसान नाही, एका समाजाची उंचीच खुंटते, हेही त्यांनी सांगितलं. साक्ष उत्तम झाली. प्रत्येक आकडा सरकारच्याच पुस्तकातला, त्यामुळे तो खोडायचा कसा?

आणि मग त्याच मुक्कामात ती चूक झाली.

पुण्यात तेव्हा प्लेग होता. रँडच्या अमलाखाली सोल्जर घराघरात शिरून झडत्या घेत होते. पुण्याच्या मित्रांची पत्रं गोखल्यांना येत होती. त्यांत सोल्जरांनी दोन बायकांवर अत्याचार केल्याचं आणि त्यांतल्या एकीने जीव दिल्याचं लिहिलेलं होतं. गोखल्यांनी ते 'मँचेस्टर गार्डियन'ला सांगितलं. गदारोळ झाला. सरकारने पुरावा मागितला. दरम्यान २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली होती आणि वातावरण पेटलेलं होतं. मुंबईत उतरल्यावर गोखल्यांनी चौकशी केली. पत्र लिहिणाऱ्यांपैकी कोणी पुरावा घेऊन पुढे येईना. त्यांची नावं गोखल्यांनी फोडली नाहीत. आरोप सिद्ध करता येत नाही म्हटल्यावर त्यांनी तो जाहीरपणे मागे घेतला आणि बिनशर्त माफी मागितली.

पुण्यात त्यांची काय शोभा झाली असेल याची कल्पना करा. टिळक राजद्रोहाच्या खटल्यात तुरुंगात, आणि गोखले माफी मागतायत. 'माफीवाले गोखले' हा डाग पुढे वर्षानुवर्षं पुसला गेला नाही. प्लेगच्या काळात जे झालं ते सगळं खोटं होतं असं कोणीच म्हणणार नाही. पण ऐकीव गोष्ट आणि सिद्ध करता येणारी गोष्ट यांतला फरक गोखल्यांना स्वतःच्या अंगावर वळ उठवून कळला. साक्षीतले आकडे टिकले, कारण ते छापील होते. वर्तमानपत्रातला आरोप पडला, कारण तो पत्रातला होता. पुढची सगळी भाषणं वाचताना मला सारखं वाटत राहतं की हा माणूस प्रत्येक वाक्य लिहिताना विचारतोय, 'उद्या पुरावा मागितला तर?'

आता १९०२ चं भाषण. २६ मार्च, कलकत्ता, अध्यक्षस्थानी कर्झन. सरकारच्या तिजोरीत सुमारे सात कोटी रुपयांची शिल्लक होती. अर्थमंत्री सर एडवर्ड लॉ समाधानात होते. शिल्लक म्हणजे देशाची भरभराट, असा एकूण सूर. गोखले उठले आणि म्हणाले, अभिनंदन करता येत नाही, माफ करा. एवढे दोन भयंकर दुष्काळ (१८९६-९७ आणि १८९९-१९००) होऊन गेलेत, प्लेग चालू आहे, आणि शिल्लक? ती आली कुठून?

त्यांचं उत्तर मला फार आवडलं, कारण त्यात डिबगिंगची मजा आहे. हिंदुस्थान सरकारला दरवर्षी लंडनमध्ये पौंडांत पैसे भरावे लागत. पेन्शनं, कर्जाचं व्याज, इंडिया ऑफिसचा खर्च असं सगळं धरून सुमारे १ कोटी ७० लाख पौंड. चांदी घसरत गेली तसा रुपया घसरला, तो १३ पेन्सपर्यंत आला. तूट पडू लागली म्हणून सरकारने कर वाढवले. मिठावरचा कर १८८८ मध्ये मणाला दोन रुपयांवरून अडीच केला, प्राप्तिकर आणला, जकात लावली. मग १८९३ मध्ये टांकसाळी बंद करून रुपया कृत्रिमरीत्या महाग केला आणि तो १६ पेन्सवर आणून बसवला. म्हणजे तुटीचं कारण गेलं. पण तुटीसाठी वाढवलेले कर? ते तसेच.

मी कागदावर ढोबळ हिशेब करून पाहिला. पौंडाचे २४० पेन्स. १३ पेन्सचा रुपया असेल तर एका पौंडाला साधारण साडेअठरा रुपये पडतात, १६ पेन्सचा असेल तर १५. पौंडामागे साडेतीन रुपये वाचले. गुणिले १ कोटी ७० लाख. जवळजवळ सहा कोटी रुपये! शिल्लक आहे सातएक कोटी. म्हणजे भरभराट वगैरे काही नाही, चलनाचा दर बदलला आणि जुना कर काढायचा राहिला, एवढंच. तात्पुरता पॅच म्हणून टाकलेला कोड गरज संपल्यावर काढायला कोणी गेलंच नाही, आणि वरचे साहेब म्हणतायत सिस्टिम मस्त चाललीय.

गोखल्यांचं म्हणणं होतं की अशी शिल्लक दुहेरी अन्याय करते. एक तर हलाखीच्या काळात लोकांकडून गरजेपेक्षा जास्त पैसा काढला जातो. आणि वर त्याच शिल्लकेकडे बोट दाखवून लोक सुखात आहेत असं सांगता येतं. मग मागण्या: मिठाचा कर कमी करा, प्राप्तिकरातून सूट असलेल्या उत्पन्नाची मर्यादा ५०० वरून १००० रुपये करा.

मतदान झालं नाही, कारण ते नव्हतंच. भाषण संपलं, कौन्सिल उठलं. पण पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, मिठाचा कर अडीचवरून दोन रुपये झाला आणि प्राप्तिकराची मर्यादा हजारावर गेली. १९०५ मध्ये मीठ दीड रुपया, १९०७ मध्ये एक रुपया. हे एकट्या गोखल्यांच्या भाषणाने झालं असं कोणी म्हणू नये. काँग्रेस कित्येक वर्षं हेच ठराव करत होती आणि तिजोरी भरलेली होती हेही खरं. पण ठराव वेगळा आणि सरकारला स्वतःच्याच वहीत उत्तर द्यायला लावणं वेगळं. कर कमी केल्यावर मिठाचा खप वाढला, तेव्हा गोखल्यांनी पुढच्या भाषणांत तेही आकडे आणून टेबलावर ठेवले. गरीब माणूस मिठातही काटकसर करत होता, एवढाच त्याचा अर्थ.

सगळीकडे असं झालं नाही. १९०४ च्या युनिव्हर्सिटी बिलावर त्यांनी दुरुस्त्यांमागून दुरुस्त्या मांडल्या, त्या पडत गेल्या. १९०७ च्या सभाबंदीच्या कायद्याला विरोध केला, कायदा झालाच. आणि एक गोष्ट लपवून चालणार नाही: १९१० च्या प्रेस अ‍ॅक्टला त्यांनी विरोध केला नाही. त्या कायद्याने पुढे किती छापखाने आणि वर्तमानपत्रं जेरीला आली ते आपल्याला माहीत आहे. परिस्थिती बिकट आहे म्हणून सरकारला हे हत्यार हवं असं त्यांनी मानलं. आकड्यांच्या बाबतीत सरकारवर जराही विश्वास न टाकणारा माणूस इथे विश्वास टाकून बसला. मवाळ राजकारणाची ही मर्यादा होतीच, आणि जहालांनी त्यावर बोट ठेवलं ते चुकीचं नव्हतं.

१९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी खेळाचे नियम थोडे बदलले. कौन्सिल मोठं झालं, उपप्रश्न विचारता येऊ लागले, ठराव मांडून मत घेता येऊ लागलं. सरकारी बहुमत मात्र कायम. गोखल्यांनी नव्या सोयीचा पहिला मोठा उपयोग फेब्रुवारी १९१० मध्ये केला. नाताळमध्ये १८६० पासून सुमारे दीड लाख हिंदी मजूर करारावर नेले गेले होते. ही भरती थांबवण्याचा ठराव त्यांनी मांडला आणि सरकारने तो चक्क मान्य केला. १ जुलै १९११ पासून नाताळची भरती बंद झाली. दोन वर्षांनी त्यांनी पुढचं पाऊल टाकलं. करारबद्ध मजुरीची पद्धतच सगळीकडची बंद करा. हा ठराव सरकारी मतांनी पाडला. १९१६ मध्ये मदनमोहन मालवीयांनी तोच विषय पुन्हा आणला तेव्हा सरकारने मान तुकवली, आणि १९१७ मध्ये भरती थांबली. गोखले तेव्हा हयात नव्हते.

आता शीर्षकाकडे येतो.

मार्च १९१० मध्ये गोखल्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करण्याच्या दिशेने पावलं उचला असा ठराव मांडला. ही मागणी काही त्यांची पहिली नव्हे. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे महात्मा फुल्यांनी दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा हे स्पष्ट आहे. बडोद्यात सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात प्रयोग करून १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानात लागू केलं होतं. गोखल्यांच्या हातात म्हणून एक बिनतोड उदाहरण होतं: जे एका देशी संस्थानाला जमतं ते ब्रिटिश साम्राज्याला का जमू नये? ब्रिटिश हिंदुस्थानात तेव्हा शाळेत जाणाऱ्यांचं लोकसंख्येशी प्रमाण होतं १.९ टक्के.

सरकारने विचार करू म्हणून आश्वासन दिलं, गोखल्यांनी ठराव मागे घेतला. त्याच वर्षी स्वतंत्र शिक्षणखातं निघालं, हारकोर्ट बटलर त्याचे पहिले प्रमुख. पुढे काही हलेना, तेव्हा १६ मार्च १९११ रोजी गोखल्यांनी स्वतःचं बिलच आणलं.

ते बिल वाचताना पहिली प्रतिक्रिया होते, एवढंच? सक्ती सगळीकडे नाही. ज्या नगरपालिकेला किंवा लोकल बोर्डाला हवी असेल तिने करायची. तेही सरकारची आधी परवानगी घेऊन. तेही त्या भागातली ठरावीक टक्के मुलं आधीच शाळेत असतील तरच. आधी ६ ते १० वयाचे मुलगे, मुलींचं नंतर बघू. आईबापांचं उत्पन्न महिना १० रुपयांखाली असेल तर फी नाही. खर्चाचा एक हिस्सा स्थानिक संस्थेचा, दोन हिस्से सरकारचे. हे सगळं इतकं मऊ केलं होतं, कारण त्यांना नाही म्हणायला जागाच ठेवायची नव्हती. येईल तो प्रत्येक आक्षेप आधीच धरून कलमात बसवलेला.

तरीही आक्षेप आले. पैसा नाही, लोक तयार नाहीत, सक्तीने असंतोष वाढेल, शाळा-मास्तर कुठून आणणार. बटलर विरोधात. आणि केवळ सरकारी बाकांवरून नाही. माणेकजी दादाभॉय यांच्यासारखे हिंदी सभासदही विरोधात बोलले. बाजूने बोलणाऱ्यांत बॅ. जीना होते, हे आज गंमतीचं वाटेल. दोन दिवस वाद चालला. १९ मार्च १९१२ रोजी मत घेतलं. ३८ विरुद्ध १३. बिल पडलं, निवड समितीकडेसुद्धा गेलं नाही.

त्या वादातलं गोखल्यांचं बोलणं मला ह्या सगळ्या कागदांत सगळ्यात मोठं वाटतं. ते म्हणाले, संध्याकाळपर्यंत माझं बिल फेकून दिलं जाणार आहे हे मला ठाऊक आहे, आणि माझी तक्रार नाही. इंग्लंडमध्येही असं एका झटक्यात झालं नव्हतं. आमच्या पिढीच्या नशिबात देशाची सेवा अपयशातून करणं आहे. यशातून सेवा करणारे नंतर येतील. हे वाक्य कोणी भाषणबाजीत म्हटलं तर सोपं आहे. समोर मोजायला ३८ हात तयार असताना, दोन वर्षांचं काम टेबलावर ठेवून म्हणणं सोपं नाही.

त्याच वर्षी सरकारने सनदी नोकऱ्यांच्या चौकशीसाठी इस्लिंग्टन कमिशन नेमलं आणि त्यात गोखल्यांना घेतलं. पंधरा वर्षांपूर्वी टेबलाच्या ज्या बाजूला बसून उत्तरं दिली, त्याच्या पलीकडे आता ते बसले. साक्षीदार बदलत गेले, हे प्रश्न विचारत राहिले: सनदी परीक्षा इथेही एकाच वेळी घेतली तर बिघडेल काय? मधुमेह आणि हृदयाचं दुखणं बळावलेलं, डॉक्टर नको म्हणतायत, आणि हे गठ्ठेच्या गठ्ठे वाचतायत. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी, ते पुण्यात गेले. कमिशनचा अहवाल १९१७ मध्ये बाहेर आला. सनदी परीक्षा हिंदुस्थानात सुरू झाली १९२२ मध्ये.

शिक्षणाचं पुढे काय झालं? १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात सक्तीचा कायदा केला. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई कौन्सिलात जवळपास गोखल्यांच्याच धर्तीचा कायदा करून घेतला. मग घटनेतलं ४५ वं कलम, मग २००२ ची ८६ वी घटनादुरुस्ती, मग २००९ चा शिक्षणहक्क कायदा, जो १ एप्रिल २०१० ला लागू झाला. बिल पडलं तिथून ९८ वर्षं.

आमच्या कामात एक सवय असते. मीटिंगमध्ये आपला मुद्दा पडणार हे माहीत असलं तरी तो आकड्यांसकट मिनिट्समध्ये घालून ठेवायचा. जिरवण्यासाठी नव्हे. नंतर जो येईल त्याला शून्यापासून सुरुवात करावी लागू नये म्हणून. मला वाटतं माझ्या सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे. गोखले समोरच्या ३८ जणांशी बोलत होते, तसेच छापील वृत्तांत पुढे वाचणाऱ्याशीही बोलत होते. मालवीयांना तो ठराव तयार मिळाला, विठ्ठलभाईंना ते बिल तयार मिळालं. पण त्यासाठी नोंद खणखणीत हवी, आणि ती तशी ठेवायला १८९७ ची ती माफी कारण झाली असं माझं आपलं मत. पटत नसेल तर जरूर सांगा.

जाता जाता एकच. गोखल्यांच्या कौन्सिलात चर्चा होती, मत नव्हतं. आपल्या लोकसभेत मत आहे, पण २०१८ आणि २०२३ मध्ये अंदाजपत्रकातल्या खात्यांच्या मागण्या एकाही चर्चेविना, एकदम आवाजी मतदानाने मंजूर झाल्या. त्या १.९ टक्क्यांच्या देशात ज्या माणसाला मताचा हक्कच नव्हता, तो वर्षातला तो एक दिवस वाया जाऊ नये म्हणून महिनोन् महिने आकडे जमवत बसायचा. पुढच्या वेळी फर्ग्युसन रस्त्यावर ट्रॅफिकमध्ये अडकलात तर पाटी शोधून बघा.